हॉटेलचा स्वच्छतेचा रेकॉर्ड कसा काढायचा आणि गडबड दिसली तर तक्रार कशी करायची

हॉटेलचं नाव टाकलं की मागच्या तपासणीत तिथे काय काय सापडलं ते समोर येतं अशी सरकारी साइट महाराष्ट्रात नाहीये, हे आधीच सांगते, कारण लोक ती शोधण्यातच तासभर घालवतात आणि मग वैतागून सगळंच सोडून देतात. तपासणी होते, रिपोर्ट लिहिला जातो, नोटीसही निघते, पण तो कागद एफडीएच्या म्हणजे अन्न व औषध प्रशासनाच्या फायलीत राहतो.

परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांचं काम सोपं आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून हॉटेलच्या दर्शनी भागातच ए, बी किंवा सी लावावं लागतं, तिथे चुकांचे गुण मोजतात म्हणजे गुण जेवढे जास्त तेवढं वाईट, १३ पर्यंत ए, १४ ते २७ बी आणि त्याच्या वर सी, आणि नेमकी काय चूक सापडली ते शहराच्या साइटवर कोणीही वाचू शकतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये ० ते ५ रेटिंग असतं, वेल्समध्ये ते दारावर लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये दारावर नसलं तरी ऑनलाइन दिसतं. टोरांटोत हिरवी, पिवळी, लाल पाटी असते. तिकडे असाल तर पाच मिनिटांत विषय संपला. इथे मात्र तीनचार ठिकाणांहून माहिती गोळा करावी लागते, पण होते, आणि एकदा सवय झाली की सोपं जातं, ऑफिसच्या पार्टीचं किंवा मुंजीचं केटरिंग ठरवताना तर नक्की करावी.

आधी १४ आकडी नंबर शोधा

प्रत्येक हॉटेल, खानावळ, मेस, केटरर, क्लाउड किचन (म्हणजे बसायची जागा नसलेलं, फक्त डिलिव्हरीचं किचन), अगदी वडापावची गाडी, सगळ्यांना एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, लायसन्स नाहीतर रजिस्ट्रेशन लागतं. तो नंबर १४ आकडी असतो आणि तो गल्ल्याच्या मागे किंवा दाराजवळ, गिऱ्हाइकाला दिसेल असा लावायचा असतो. नाही दिसला तर बिल बघा, १ जानेवारी २०२२ पासून बिलावर हा नंबर छापणं सक्तीचं आहे. स्विगी झोमॅटोवर हॉटेलच्या मेन्यूच्या अगदी तळाशी जा, बारीक अक्षरात असतो.

नंबर नुसता बघून पण बरंच कळतं. पहिला आकडा १ असेल तर लायसन्स, २ असेल तर रजिस्ट्रेशन. रजिस्ट्रेशन हे छोट्या धंद्यासाठी असतं, टपरी, गाडी, घरगुती डबे वगैरे, त्यामुळे दोनशे माणसं बसतील असं एसी हॉटेल आणि नंबर मात्र २ ने सुरू होतोय असं दिसलं तर तिथे काहीतरी लपवलंय असं धरून चाला. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र १५, गोवा ०६, आणि केंद्राचं लायसन्स असेल तर ००. त्याच्या पुढचे दोन आकडे वर्षाचे. म्हणजे ११५२१ ने सुरू होणारा नंबर म्हणजे महाराष्ट्रातलं २०२१ सालचं लायसन्स.

आता हा नंबर एफएसएसएआयच्या फॉसकॉस नावाच्या साइटवर टाकायचा. तिथे एफबीओ सर्च (एफबीओ म्हणजे अन्नाचा धंदा करणारा) असा पर्याय आहे, त्यासाठी लॉगिन लागत नाही. किंवा फूड सेफ्टी कनेक्ट हे ॲप मोबाइलवर घ्या, त्यातही नंबर तपासता येतो आणि पुढे तक्रारीला तेच उपयोगी पडतं. समोर नाव, पत्ता, धंद्याचा प्रकार आणि लायसन्स चालू आहे का ते येतं. इथे बहुतेक जण ॲक्टिव्ह हा शब्द बघून खूश होतात आणि बंद करतात, तसं करू नका, पत्ता वाचा. प्रत्येक जागेला वेगळं लायसन्स लागतं, एकाच मालकाच्या पाच शाखा असल्या तरी पाच लायसन्स, त्यामुळे बाणेरच्या शाखेच्या भिंतीवर कोथरूडच्या शाखेचा कागद लावलेला असेल तर बाणेरची शाखा लायसन्सशिवाय चालू आहे. क्लाउड किचनमध्ये तर हे हमखास बघा, ॲपवर बिर्याणीचं वेगळं, मोमोजचं वेगळं, थाळीचं वेगळं नाव दिसतं आणि पत्ता सगळ्यांचा एकच, एका गाळ्यातला. त्यात बेकायदा काही नाही पण आपण तीन हॉटेलांतून मागवतोय असा समज मात्र करून घेऊ नका.

आणि मोठं नाव आहे म्हणून हे तपासायचं सोडू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये कुलाब्यातल्या खूप जुन्या आणि नावाजलेल्या कबाबच्या ठिकाणाला एफडीएने धंदा बंद ठेवायची नोटीस दिली होती, आणि कारणांमध्ये एक कारण हेच होतं की लायसन्स नव्हतं. वर्षानुवर्षं लोक तिथे रांगा लावून खात होते.

लायसन्स आहे म्हणजे स्वच्छ आहे असं नाही

लायसन्स म्हणजे एवढंच की सरकारला हे हॉटेल माहीत आहे आणि काही झालं तर पकडायला पत्ता आहे. स्वच्छतेबद्दल त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे हायजीन रेटिंग, एफएसएसएआयनेच काढलेली योजना आहे, बाहेरची मान्यताप्राप्त एजन्सी येऊन ऑडिट करते आणि ५ पैकी रेटिंग मिळतं, हसऱ्या चेहऱ्यांचं सर्टिफिकेट असतं. पण हे ऐच्छिक आहे, ज्याला हवं तो हॉटेलवाला स्वतःहून बोलावतो आणि ऑडिट कधी आहे हे त्याला माहीत असतं. म्हणून मी त्याला मध्यम वजन देते. असेल तर चांगलंच, त्यावरची तारीख बघा, जुनं असेल तर विचारा. नसेल तर लगेच वाईट ठरवू नका, गावातल्या उत्तम खानावळींकडे पण नसतं.

लायसन्सच्या पाटीजवळ एक क्यूआर कोड पण असायला हवा, २०२५ पासून एफएसएसएआयने सांगितलंय, तो स्कॅन केला की तक्रारीचं ॲप उघडतं. जो हॉटेलवाला हा कोड दिसेल असा लावतो त्याला निदान तक्रारीची भीती नाही असं म्हणता येईल.

डोळ्यांनी काय बघायचं

अन्न सुरक्षा अधिकारी तपासणीला येतो तेव्हा तो एफएसएसएआयच्या २०११ च्या लायसन्स नियमांमधल्या शेड्यूल ४ नुसार बघतो. त्यात भिंती, फरशी, गटार, पाणी, भांडी, कामगारांची तब्येत, किडे उंदीर, तापमान, कचरा सगळं आहे. जून २०२५ च्या सुरुवातीला एफडीएने धारावीतल्या एका क्विक डिलिव्हरी कंपनीच्या गोदामाचं लायसन्स सस्पेंड केलं तेव्हाची कारणं बघा, काही मालावर बुरशी, तुंबलेल्या पाण्याजवळ ठेवलेला माल, कोल्ड स्टोरेजचं तापमान बरोबर नाही, फरशी ओली आणि घाण, मुदत संपलेला माल वेगळा काढलेला नाही. ही यादी डोक्यात ठेवा, हॉटेलातही बहुतेक वेळा याच गोष्टी सापडतात.

आता यातलं महत्त्वाचं कुठलं यावर मला जरा जास्त लिहायचंय, कारण आपण चुकीच्या गोष्टींवर चिडतो. भाजीत केस निघाला की आरडाओरडा होतो, व्हिडिओ निघतो. केस किळसवाणा आहे, मान्य, पण केसाने माणूस सहसा आजारी पडत नाही. माणूस आजारी पडतो तो दुपारी शिजवून संध्याकाळपर्यंत तसाच ओट्यावर ठेवलेल्या भाताने, अर्धवट भाजलेल्या चिकनने, कच्चं चिकन कापलेल्या सुरीनेच काकडी कापल्याने, आणि संडासातून आल्यावर न धुतलेल्या हाताने. अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मध्ये राहिलं की जंतू भराभर वाढतात, म्हणून गरम अन्न ६० च्या वर आणि थंड अन्न ५ च्या खाली ठेवायचं हा सगळ्या नियमांचा गाभा आहे, आणि ही चूक फोटोत दिसत नाही, वासही येत नाही.

मे २०२२ मध्ये केरळात कासरगोड जिल्ह्यात शोर्मा खाऊन अनेक जण आजारी पडले आणि १६ वर्षांची मुलगी गेली, नमुन्यांमध्ये साल्मोनेला आणि शिगेला हे जंतू सापडले. मे २०२४ मध्ये मुंबईत ट्रॉम्बेला रस्त्यावरचा चिकन शोर्मा खाल्ल्यानंतर १९ वर्षांचा मुलगा गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलंगण सरकारने कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. पदार्थ बघा, मांस किंवा कच्चं अंडं, आणि तेही दिवसभर बाहेर ठेवलेलं. म्हणून शोर्मा घेताना त्या फिरत्या सळीची आग चालू आहे का बघा, गिऱ्हाईक नाही म्हणून बंद करून ठेवली असेल आणि तुम्ही आल्यावर पेटवली तर घेऊ नका. मेयोनीजचा डबा फ्रिजमधून काढतात की काउंटरवरच उन्हात आहे तेही बघा.

बुफेमध्ये भांड्याखालचा बर्नर पेटलेला आहे का आणि रस्सा खरंच वाफाळतोय का बघा, कोमट असेल तर मी तरी सोडून देते. दहीवडा, रायता, कापलेली फळं, बासुंदी बर्फावर हवी. बर्फ कुठल्या पाण्याचा आहे विचारा, पावसाळ्यात तर नक्की. भजी वडे तळणाऱ्याकडे तेल काळं पडलंय, फेस येतोय, धूर निघतोय असं असेल तर ते तेल कितीदा तापवलंय सांगता येत नाही. तेलात टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचंच नाही असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे, आपल्याकडे ते मोजायचं यंत्र नसतं पण अधिकाऱ्याला मोजता येतं, म्हणून तक्रारीत तेलाचा उल्लेख स्पष्ट करा. वडापाव, भजी, पोहे वर्तमानपत्रात देऊ नये असंही एफएसएसएआय वर्षानुवर्षं सांगतंय, शाई अन्नात उतरते, तिथे सरळ म्हणा की दादा, प्लेटमध्ये द्या.

बेसिनवर साबण आहे का, हा माझा आवडता मुद्दा. जिथे गिऱ्हाइकाच्या बेसिनवर साबण नाही तिथे आत भटारखान्यात असेल असं समजायला काही आधार नाही. वेटर ज्या फडक्याने टेबल पुसतो त्याच फडक्याने ताट पुसतोय का ते बघा. पैसे घेणारा हात आणि पाणीपुरीत बुडणारा हात एकच आहे का बघा. भांडी कुठे घासतात बघा, मागच्या गल्लीत मोरीच्या कडेला टब ठेवून त्याच पाण्यात शंभर ताटं बुचकळत असतील तर समोरचं इंटिरियर कितीही भारी असो.

झुरळाबद्दल सांगायचं तर दिवसा उजेडात, माणसांच्या गर्दीत झुरळ फिरताना दिसलं की रात्री आत बरीच आहेत असं समजा.

केटरिंग ठरवताना तुमच्या हातात जास्त आहे, कारण तुम्ही मोठं गिऱ्हाईक आहात. सरळ विचारा की किचन बघायला येऊ का. चांगला केटरर हो म्हणतो, फार तर वेळ सांगतो. मग तिथे कामगारांची वर्षाची मेडिकल तपासणी, पाण्याचा टेस्ट रिपोर्ट आणि पेस्ट कंट्रोलचं रजिस्टर बघायला मागा. २५ कामगारांमागे एक माणूस फॉस्टॅकचं, म्हणजे अन्न सुरक्षेचं, ट्रेनिंग घेतलेला असावा असं एफएसएसएआयचं म्हणणं आहे, तो कोण आहे विचारा. लोकांना वाटतं असं विचारलं तर वाईट दिसेल, पण तीनशे माणसं जेवणार आहेत, त्यात म्हातारी माणसं, गरोदर बायका, लहान मुलं आहेत, दोन मिनिटं वाईट दिसलं तर दिसू दे.

सरकारी तपासणीचा कागद हवाच असेल तर

आरटीआय, म्हणजे माहितीच्या अधिकाराचा अर्ज, टाका. महाराष्ट्रात फी १० रुपये आहे, राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरून टाकता येतं, आणि तिथे हवं ते ऑफिस सापडलं नाही तर साध्या कागदावर अर्ज लिहून १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जिल्ह्याच्या एफडीए ऑफिसला द्या, पत्त्यात जन माहिती अधिकारी, सहायक आयुक्त (अन्न) यांचं कार्यालय असं लिहा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे पानभर कैफियत लिहिली तर तेवढ्या कारणावरून परत येऊ शकतो. साधारण असं लिहा:

"अमुक हॉटेल, अमुक पत्ता, लायसन्स नंबर अमुक, या आस्थापनेबाबत दिनांक अमुक ते अमुक या काळातील पुढील माहिती द्यावी. एक, झालेल्या तपासण्यांच्या तारखा व तपासणी अहवालांच्या प्रती. दोन, दिलेल्या सुधारणा नोटिसांच्या प्रती. तीन, घेतलेल्या नमुन्यांचे विश्लेषण अहवाल. चार, केलेला दंड किंवा निलंबनाचे आदेश."

एवढंच. का हवंय ते लिहायची गरज नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. ते कदाचित सांगतील की ही त्रयस्थाची माहिती आहे, हॉटेलवाल्याला विचारावं लागेल, त्याला वेळ लागतो, आणि कधी व्यावसायिक गुपित म्हणून नकार पण देतात. तेव्हा ३० दिवसांत पहिलं अपील करा आणि त्यात लिहा की मी रेसिपी मागत नाहीये, सार्वजनिक आरोग्याशी संबंधित सरकारी तपासणीचा अहवाल मागतेय, आणि यात जनहित आहे.

हैदराबादेत राहणाऱ्यांना हे एवढं करावं लागत नाही, तिथल्या फूड सेफ्टी कमिशनरच्या ऑफिसने २०२४ पासून छाप्यात काय सापडलं ते हॉटेलच्या नावासकट आणि फोटोसकट एक्सवर (आधीचं ट्विटर) टाकायला सुरुवात केली. आपल्याकडेही असं व्हावं असं मला मनापासून वाटतं.

काही झालंच तर

उलट्या जुलाब सुरू झाले की पहिलं काम डॉक्टर, तक्रार नंतर. पण डॉक्टरकडे गेल्यावर अन्नातून विषबाधेचा संशय असं कागदावर लिहून घ्या आणि शक्य असेल तर शौचाची तपासणी अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी करून घ्या, नंतर जंतू सापडत नाहीत. उरलेलं अन्न फेकू नका, स्वच्छ डब्यात घट्ट बंद करून तारीख वेळ लिहून फ्रिजमध्ये ठेवा. बिल, ॲपवरची ऑर्डर, फोटो जपून ठेवा. कोण कोण जेवलं, कोणी काय खाल्लं, कोणाला किती वाजता त्रास सुरू झाला, हे त्याच दिवशी लिहून काढा.

वेळ फार महत्त्वाची आहे. आपण नेहमी शेवटच्या जेवणाला दोष देतो, पण ते बरोबर असेलच असं नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा संशय येतो, शिळ्या भाताचं असंच होतं. साल्मोनेलाला मात्र सहा तासांपासून काही दिवसही लागू शकतात, म्हणजे रविवारी हॉटेलात खाल्लेलं मंगळवारी बाधू शकतं. म्हणून मागच्या तीन दिवसांत काय काय खाल्लं ते सगळं लिहा आणि घरातल्या ज्यांनी तो पदार्थ खाल्ला नाही त्यांना त्रास झाला का तेही लिहा. उगाच कोणाच्या धंद्यावर आरोप नको.

तक्रार फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर करा, किंवा महाराष्ट्र एफडीएचा टोल फ्री १८००-२२२-३६५, किंवा एफएसएसएआयचा १८००-११-२१००. गोव्यात तिथलं अन्न व औषध प्रशासन संचालनालय आहे. उंदीर, तुंबलेलं गटार, मागच्या गल्लीतला कचरा हे महापालिकेचं काम, मुंबईत १९१६ वर. दोन्ही असेल तर दोन्हीकडे करा, एकमेकांवर ढकलायची संधी देऊ नका. तक्रारीत राग कमी आणि माहिती जास्त असू द्या, "खूप घाणेरडं हॉटेल आहे" यावर अधिकारी काय करणार, त्यापेक्षा "अमुक तारखेला रात्री साडेआठला डाव्या बाजूच्या काउंटरवर शिजवलेल्या चिकनच्या ट्रेवर कच्चं चिकन ठेवलेलं होतं, फोटो जोडलाय" असं लिहा.

एक कमी माहीत असलेली सोय म्हणजे अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४०, त्यानुसार तुम्ही स्वतः विकत घेतलेला पदार्थ फी भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता आणि रिपोर्ट १४ दिवसांत मिळायला हवा, पदार्थ सदोष निघाला तर फी परत. अट अशी की घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की मी हे तपासायला देणार आहे. गरम थाळीला हे जमणं कठीण, पण पनीर, खवा, मिठाई, दूध यांना चांगलं जमतं.

तक्रारीनंतर तपासणी झाली आणि दोष सापडले तर बहुतेक वेळा आधी कलम ३२ खाली सुधारणा नोटीस जाते, किमान १४ दिवसांची मुदत असते, तरी सुधारलं नाही तर लायसन्स सस्पेंड आणि पुढे रद्द. धोका मोठा असेल तर लगेच बंद पण करता येतं. अस्वच्छ जागेत अन्न बनवण्यासाठी दंड १ लाखापर्यंत आहे. अन्नाने इजा झाली तर कलम ६५ खाली भरपाई आहे, मृत्यू झाला तर किमान ५ लाख, गंभीर इजेला ३ लाखांपर्यंत, बाकी इजेला १ लाखापर्यंत. शिवाय जिल्हा ग्राहक आयोगात वेगळी तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही.

आता हॉटेलवाले काय करतात ते पण माहीत असू द्या. मॅनेजर येतो, माफी मागतो, बिल माफ करतो, गोड खायला घालतो, आणि आपण गप्प बसतो. ॲपवर रिफंड आला की विषय संपला असं वाटतं. पण रिफंडची नोंद कंपनीकडे राहते, एफडीएच्या फायलीत काहीच जात नाही, आणि उद्या दुसऱ्या कोणी आरटीआय टाकला तर त्याला त्या हॉटेलचा कोरा रेकॉर्ड मिळतो. रिफंड घ्या, तो तुमचा हक्क आहे, पण तक्रार पण टाका. आणि तक्रार करीन असं सांगून पैसे किंवा फुकट जेवण मागू नका, त्याने खऱ्या तक्रारी करणाऱ्यांचं नाव खराब होतं.

तक्रार केली की नंबर लिहून घ्या, स्क्रीनशॉट ठेवा. ॲपवर अधूनमधून स्टेटस बघत राहा, कधीकधी तपासणी न होताच निकाली काढली असं दिसतं. तसं झालं तर पुन्हा आरटीआय, यावेळी प्रश्न अजून सोपा, "माझ्या अमुक नंबरच्या तक्रारीवर कोणी, कोणत्या तारखेला तपासणी केली, त्या अहवालाची प्रत द्यावी, तपासणी झाली नसल्यास तक्रार निकाली काढण्याचं लेखी कारण द्यावं."